पुराचं चित्र काढताना रेघ कुठे दाबायची?

प्रश्न थोडक्यात असा: चिकोडी तालुक्यातला चित्रकलेचा एक विद्यार्थी ऑगस्ट 2019 च्या महापुरावर दहा कोळसाचित्रांची मालिका करतोय. मोबाईलमधले फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं समोर ठेवून काम चाललंय. चित्रकलेच्या लोअर आणि हायर दोन्ही परीक्षा झाल्यात, व्यक्तिचित्र बऱ्यापैकी जमतं, तरी बघणारे म्हणतात, 'हात चांगला आहे, पण नाटकी वाटतं.' चेहऱ्यावरचं दुःख कसं दाखवायचं, गर्दी कशी बसवायची, कोळसा बरा की शाई, असं त्यानं विचारलंय. सोबत तीन चित्रांचे फोटो जोडलेत.

घोळ पहिल्या प्रश्नातच आहे. तिन्ही चित्रांतला चेहरा अंगठ्यानं झाका आणि उरलेलं शरीर बघा. पाण्यात उभी असलेली बाई फोटो काढून घ्यायला उभं राहावं तशी उभी आहे. दोन्ही पायांवर सारखं वजन, खांदे एका पातळीत, हात कमरेशी. वर तोंड तेवढं रडतंय. खालचं शरीर काहीच सोसत नाही, म्हणून वरचं रडणं उसनं वाटतं. शिवाय कागदावर रडणं आणि हसणं फार जवळजवळ असतं. दोन्हींत गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, तोंड फाकतं. सावली सुतभर इकडची तिकडे झाली की रडणारी बाई हसायला लागते. तुमच्या दुसऱ्या चित्रात तेच झालंय.

सवय कुठून आली तेही दिसतं. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात व्यक्तिचित्रणाची परंपरा दांडगी. के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकलेचे शिक्षक बेळगावात होऊन गेले, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले. या वळणानं शिकलेला हात आधी चेहरा पूर्ण करतो, मग खांद्यापर्यंत येतो, मग धड उरकतो. बैठकीला बसलेल्या माणसासाठी ते बरोबर आहे. घर वाहून जात असलेल्या माणसासाठी क्रम उलटा हवा: आधी वजन कुठे पडतंय ते, मग पाठ, मग हात, आणि चेहरा उरलाच तर शेवटी.

केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचं 1903 चं एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघ कोरून घेतलेला ठसा) आहे, मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली आई. आईचा अर्धा चेहरा मुलाच्या छातीत रुतलेला आहे, भाव वाचायला जागाच नाही. पण मांडी, दंड, मान सगळं त्या लहान शरीराभोवती आवळलेलं आहे. मॉडेल म्हणून ती स्वतःच आरशासमोर बसली होती, सात वर्षांच्या पेटरला मांडीवर घेऊन. म्हणजे मांडीवर खरंच ओझं होतं आणि हात खरंच भरून आला असणार. (हाच पेटर पुढे ऑक्टोबर 1914 मध्ये युद्धात मारला गेला. चित्र त्याच्या अकरा वर्षं आधीचं, हे विसरून बरेच जण त्याबद्दल लिहितात.)

तेव्हा पहिलं काम: ओझ्याची रेखाटनं. घरातल्याच कुणाला तरी धान्याचं पोतं, भरलेली घागर, झोपलेलं मूल उचलायला लावा आणि दोन-दोन मिनिटांत काढा. पाच किलोचं नको, वीस-पंचवीस किलोचं. हलकं ओझं माणूस हातानं उचलतो, जड ओझं पाठीनं. वीस-पंचवीस रेखाटनांनंतर डोळ्याला कळायला लागतं की वजनाखाली एक खांदा चढतो, कंबर विरुद्ध बाजूला जाते, एका पायाची टाच जमिनीत घुसते आणि दुसऱ्याची उचलते. रेघ तिथे दाबायची. टाचेखाली, पोत्याच्या तळाशी, कमरेच्या घडीत कोळसा मोडेल इतकी दाबा. जिथे शरीर काहीच पेलत नाही, उदाहरणार्थ मोकळ्या दंडाची वरची कड, तिथे रेघ सुटू द्या, तुटली तरी चालेल. तुमच्या चित्रांत सगळी बाह्यरेषा एकाच दाबाची आहे. माणूस तारेनं वाकवून केल्यासारखा दिसतो.

पाण्यातलं शरीर वेगळं असतं, आणि फोटोवरून ते चुकतंच. घोटाभर पाण्यात माणूस पाय उचलून टाकतो. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी आलं की पाऊल उचलत नाही, तळ चाचपत सरकवतो, आणि अंग धारेच्या विरुद्ध कलतं. कमरेइतक्या पाण्यात कोपरं अंगापासून सुटतात, पाण्याच्या वर येतात. छातीला लागलं की हनुवटी उचलते, ओझं डोक्यावर जातं आणि खांदे कानाजवळ येतात. चारही पातळ्यांची माणसं एका ओळीत काढून बघा. चेहरा न काढताही कुणाला किती भीती आहे ते वाचता येतं. अजून एक: तुम्ही पाण्याची रेघ कमरेतून पट्टीनं ओढावी तशी सरळ ओढलीय. धार येते त्या बाजूला पाणी अंगावर चढतं, पलीकडे खळगा पडतो. ती रेघ थोडी वाकवली की पाणी वाहायला लागतं, लाटा काढाव्या लागत नाहीत. गढूळ वाहत्या पाण्यात स्वच्छ प्रतिबिंबही पडत नाही, तेव्हा तिसऱ्या चित्रातलं घराचं आरशासारखं प्रतिबिंब काढून टाका. तिथे कोरा कागद राहू द्या. कृष्णाकाठानं पूर पाहिलेल्याला तो कागद पाणीच दिसतो.

आता हात. एक उदाहरण बारकाईनं घेऊ, कारण तुमच्या पहिल्या चित्रात म्हैस ओढणारा माणूस आहे आणि त्याच्या हातातलं दावं नुसतं मुठीत धरलेलं आहे. भेदरलेलं जनावर पाण्याकडे जायला नको म्हणतं तेव्हा दावं तळहाताला दोन वेढे मारलेलं असतं. वेढ्यांच्या मधून मांस फुगून वर येतं. बोटांचे सांधे गोल दिसत नाहीत, चपटे होतात. अंगठा दाव्यावर नसतो, बोटांखाली दाबलेला असतो. वेढ्यापासून वेसणीपर्यंत दावं दोरीसारखं लोंबत नाही, ताठ असतं. ती रेघ मनगटातून काढू नका, उभं राहून खांद्यातून एका झटक्यात ओढा, थरथरली तर पुन्हा नव्या कागदावर. कोपर सरळ हवं. तुम्ही ते वाकवलंय, त्यामुळे म्हैस कुत्र्यासारखी राजीखुशीनं मागून येतेय. एवढं नीट झालं तर माणसाचा चेहरा पाठमोरा केला तरी काही बिघडत नाही.

फोटोंबद्दल. 2019 चे बहुतेक फोटो बोटीतून, पुलावरून किंवा ड्रोननं काढलेले आहेत. म्हणजे बघणारा कोरडा आणि उंच. तोच कोन चित्रात आला की मदत द्यायला आलेल्या माणसाची नजर आपोआप येते. क्षितिज खाली आणा, पाण्याच्या जवळ, आणि बघणाऱ्यालाही पाण्यात उभं करा. फोटो फक्त पुराव्यापुरते वापरा: कौलं कशी होती, बंधाऱ्याचे खांब किती, ऊस किती बुडालेला. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर 1940-41 मध्ये बॉम्बहल्ल्यांमुळे लंडनच्या भुयारी रेल्वे स्टेशनांत आसऱ्याला झोपलेल्या लोकांची चित्रं करत होता, तेव्हा त्यांच्यासमोर बसून काढणं त्याला प्रशस्त वाटलं नाही. तो चार शब्दांची टिपणं करायचा आणि घरी येऊन आठवणीतून काढायचा. पद्धत उचलण्यासारखी आहे. फोटो दोन मिनिटं बघा, पालथा घाला, दहा मिनिटांत आठवेल ते काढा. आठवणीत न राहिलेलं बहुतेक वेळा चित्राला नकोच असतं. मग फोटो परत उघडून एकच गोष्ट दुरुस्त करा, दोन नाहीत.

पुराचं चित्र म्हणजे चढत्या पाण्याचंच असं धरून चालू नका. कल्लोळ-येडूर, जत्राट-भिवशी हे बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, त्यांची सवय झालेली आहे. पाणी ओसरल्यावरचं कुणी काढत नाही. मातीची भिंत वरून ढासळत नाही. बुडखा मऊ होतो, पोट सुटतं, मग वरचा भाग बसतो आणि कौलाचं छप्पर माणसाच्या छातीच्या उंचीला येतं. भिजलेलं धान्य फुगतं आणि पोतं शिवणीत उसवतं. लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं. उसाच्या पानांवर गाळ वाळून सगळं शेत एका राखाडी रंगाचं होतं. आणि भिंतींवर पुराची रेघ: देवळावर, शाळेवर, गोठ्यावर, सगळीकडे एकाच पातळीत. मालिकेत ही रेघ तुम्हाला फुकट मिळालेली गोष्ट आहे. दहाही कागदांवर ती तळापासून सारख्याच उंचीवर ठेवा, समजा बावीस इंचाच्या उभ्या कागदावर तळापासून तेरा इंचांवर. एका चित्रात ती पाणी असेल, दुसऱ्यात भिंतीवरचा डाग, तिसऱ्यात गंजी केंद्रातल्या (पूरग्रस्तांच्या निवारा छावणीतल्या) सतरंजीची कड. चित्रं शेजारी-शेजारी लावली की सामूहिक संकट दिसायला लागेल, कुठेही गर्दी न काढता.

गर्दीचं म्हणाल तर डोकी मोजून संकट मोठं होत नाही. चाळीस माणसं सुटी-सुटी काढली की जत्रा होते. पिकासोचं 'गेर्निका' साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. स्पेनमधल्या त्याच नावाच्या गावावरच्या 26 एप्रिल 1937 च्या बॉम्बहल्ल्यावरचं चित्र, पण त्यात विमान नाही, बॉम्ब नाही, आणि माणसं हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. कोलवित्झच्या युद्धावरच्या सात लाकडी ठशांमध्ये एक 'आया' नावाचा आहे. बायका मुलांना मध्ये घेऊन एकमेकींना बिलगून उभ्या आहेत आणि सगळ्या मिळून एकच काळा ढीग झालाय. त्यातून मोजके चेहरे आणि हात पांढरे सुटतात. करायचं कसं, तर सगळ्या जमावाची एकच बाहेरची कड काढा, एखाद्या दगडाची काढावी तशी. आत एक सपाट मधली छटा भरा. मग रबरानं तीन किंवा चार ठिकाणीच उजेड उचला, त्यातले दोन हात असू द्या. गावातल्या माणसाला त्या ढिगातून कोण कुणाला धरून आहे हे कळलं पाहिजे; बाकीच्यांची नाकं-डोळे शोधत बसू नये. आधी तीन बाय चार इंचांची दहा-बारा छोटी कच्ची रेखाटनं करा, फक्त काळा, राखाडी आणि कागद या तीन छटांत. एवढ्या लहान आकारात जे कळत नाही ते मोठ्या कागदावरही कळणार नाही.

कोळसा की शाई? आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण 1943 चा बंगालचा दुष्काळ, ज्यात वीस ते तीस लाख माणसं गेली असं मानलं जातं. झैनुल आबेदिन या चित्रकारानं कलकत्त्याच्या रस्त्यावरची माणसं स्वस्त पॅकिंगच्या कागदावर शाईच्या कोरड्या ब्रशनं काढली. कोरडा ब्रश खरखरीत कागदावरून गेला की रेघ मध्ये-मध्ये तुटते आणि बरगडी बरगडीसारखी दिसते, छायांकनाची गरजच उरत नाही. दुसरा चित्रकार चित्तप्रसाद त्याच वर्षी मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला, आणि त्याच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या पाच हजार प्रती इंग्रज सरकारनं जप्त करून जाळल्या. त्याची रेघ आबेदिनपेक्षा जाड आणि ठाम, छापखान्याचा विचार करून काढलेली. म्हणजे माध्यम निवडताना दोन गोष्टी बघायच्या: विषयाचा पोत काय आणि चित्र कुठे लागणार. दुष्काळाचं शरीर कोरडं, तुटक. तिथे कोरडा ब्रश. पुराचं सगळं भिजलेलं, जड, कडा नसलेलं, तिथे कोळसा. तुमची निवड बरोबर आहे. फक्त ओसरल्यानंतरची दोन-तीन चित्रं, भेगाळलेला गाळ आणि वाळलेला ऊस, शाईत करून बघा. अर्धा इंची चपटा, राठ केसांचा ब्रश घ्या, शाईत बुडवून वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा, रद्दी कागदावर एक फटकारा मारून तपासा आणि वेगानं चालवा. हात हळू चालला की रेघ भरून जाते आणि साधा ब्रशचा फटकारा उरतो.

कोळशाच्या कामात बिघडतं ते बहुधा क्रमामुळे. काडीचा कोळसा हलका, फुंकरीनं उडतो, तो आधी. कॉम्प्रेस्ड, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या कोळशात चिकट बंध असतो, तो कागदात बसला की रबरानं निघत नाही. तो शेवटी आणि फक्त वजन पडतं तिथे. तुमच्या तिसऱ्या चित्रात आभाळच कॉम्प्रेस्डनं काळं केलंय. मग खालच्या माणसाला आणखी काळं कुठून आणणार? बोटानं घासू नका. बोटाचं तेल कागदाला लागतं, त्यावर पुढचा थर धरत नाही, आणि घासलेल्या करड्या छटेत एक मखमली गोडवा येतो जो या विषयाला मारक आहे. घासायचंच तर सुती चिंधीनं, आणि चित्रात एकाच जागी. तिरप्या रेघांचा कॅलेंडरी पाऊस तर अजिबात नको.

कागद कार्ट्रिज, 150 ते 200 जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) जाडीचा, थोडा खरखरीत. गुळगुळीत आयव्हरी कार्डावर कोळसा घसरतो. काडीचा कोळसा महाग वाटत असेल तर तुरकाठीचा घरी होतो. करंगळीएवढ्या जाड, पूर्ण वाळलेल्या, साल काढलेल्या काट्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दाबून भरायच्या, झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाडायचं आणि डबा चुलीत ठेवायचा. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायचा. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडला तर आत हवा शिरते आणि काट्यांची राख होते. बहुतेकांचा पहिला डबा असाच जातो. मध्ये राहून गेलेली तपकिरी काडी कागदावर ओरखडे काढते, ती वेगळी करा.

फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का धरणारा लाखेचा फवारा, पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत लाखेच्या थरावर दुधी साय धरते. मारायचंच तर कोरड्या दिवशी दुपारी, उघड्या जागी, चुलीपासून लांब, कारण स्पिरिट पेटतं. घरी करायचं तर 100 मिलि स्पिरिटमध्ये दोन-तीन ग्रॅम पांढरी लाख रात्रभर विरघळवून गाळून घ्या. एक फूट अंतरावरून तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा. जवळून एकदम मारलं की थेंब ओघळतात आणि कोळसा वाहतो. फिक्स केल्यावर मधल्या छटा थोड्या गडद होतात, तेव्हा रबरानं उचललेला उजेड आधीच थोडा जास्त ठेवा. केसांचा स्प्रे स्वस्त पडतो, पण कागद पिवळा पडतो. चित्रं बटर पेपर मध्ये घालून आडवी ठेवा, जमिनीपासून वर. प्लास्टिकमध्ये गच्च बांधली तर बेळगावजवळच्या खानापुराकडच्या ओल्या हवेत बुरशी लागलीच समजा.

सगळं कोळशातच व्हायला हवं असंही नाही. 1919 मध्ये मारल्या गेलेल्या कार्ल लीबक्नेख्ट या जर्मन समाजवादी नेत्यावरचं स्मरणचित्र कोलवित्झनं आधी एचिंगमध्ये, मग लिथोग्राफमध्ये (दगडावरून छापून) करून पाहिलं, समाधान होईना म्हणून शेवटी लाकडात कोरलं. सोमनाथ होर या बंगाली चित्रकार-शिल्पकारानं 1970 च्या दशकात 'जखमा' मालिकेत माणूसच काढला नाही: पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर नुसते व्रण उठवले, शाईचा थेंब नाही. तुमच्या दहातलं एखादं चित्र तीनदा फसलं तर हात दोषी धरण्याआधी माध्यम बदलून बघा.

शेवटचं, जे विचारलेलं नाही. 1876-78 च्या दुष्काळात विलोबी हूपर या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रास इलाख्यातल्या उपाशी माणसांना गटागटानं रचून बसवून फोटो काढले. ते फोटो आज बघवत नाहीत, ते हाडांमुळे आणि त्या रचनेमुळेही. ओळखता येईल असा चेहरा काढणार असाल तर त्या माणसाला आधी विचारा, प्रेत असेल तर घरच्यांना. चित्राखाली गाव, नदी आणि महिना लिहा. मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण पाणी शिरलेल्या घरांत दोन्ही बोलणारे होते. भिंतीवर लावण्याआधी चित्रं त्या गावात नेऊन दाखवा. 'दावं असं नसतंय', 'पाणी या अंगानं आलं होतं', असं कुणी म्हणालं तर ती दुरुस्ती जागेवर करा.

आणि थोडे कागद त्यांनाही द्या. 1974 मध्ये हिरोशिमात सत्तरी ओलांडलेला एक माणूस स्वतः काढलेलं बॉम्बच्या दिवसाचं चित्र घेऊन एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या ऑफिसात गेला. तिथून आवाहन झालं आणि वाचलेल्या माणसांची दोन हजारांवर चित्रं जमली. न शिकलेले हात, बाण काढून लिहिलेलं: इथे पाणी मागत होते, इथे मी उभा होतो. तुम्ही देणार असाल तर सगळ्यांना एकाच मापाचा कागद, ए-थ्री पुरे, आणि जाड काळं स्केचपेन. पेन्सिल दिली की माणसं खोडत बसतात. चित्रात लिहायला सांगा, आणि नमुना म्हणून तुमचं स्वतःचं चित्र आधी दाखवू नका. दाखवलं की सगळे तेच काढायला लागतात.